हौशी वृंदाला शिकवताना: शास्त्रीय गायकांसाठी पट्टी ठरवण्यापासून रंगमंचापर्यंत

जळगाव-धुळ्याकडचे माझ्या ओळखीतले चार-पाच गायक-गायिका गावातल्या हौशी वृंदांना, म्हणजे एकत्र गाणाऱ्या गटांना, शिकवतात आणि कार्यक्रमात त्यांच्यासोबत गातातही. कुणाकडे भजनी मंडळातून उभा राहिलेला वृंद आहे, कुणाकडे महिला मंडळाचा, कुणाकडे निवृत्त शिक्षकांचा. फोन येतो तो मात्र एकाच तक्रारीचा: "तालमीत छान गातात, मंचावर आवाजच फुटत नाही."

हे दुखणं बहुतेक वेळा शिकवण्याच्या क्रमातून येतं. आपण गुरूंसमोर एकट्याने बसून शिकलो. त्यांनी म्हटलं, मागून आपण म्हटलं. तीच रीत तीस जणांपुढे चालवली की तीस जण आपल्या आवाजावर रेलून गायला शिकतात. आपला आवाज काढून घेतला की खाली काही उरत नाही. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. मधला एखादा गाळला तर त्याचा भुर्दंड शेवटच्या आठवड्यात बसतो.

## आधी बोलून घ्या, मग पेटी उघडा

पहिली बैठक गाण्याविना घ्या. मंडळ नऊ-दहा गाणी म्हणेल, तुम्ही चारवर ठाम राहा. हिशोब त्यांच्यासमोर कागदावर मांडा. आठवड्याला दोन तालमी, प्रत्येकी दीड तास, दहा आठवडे, म्हणजे एकूण ३० तास. गाणी चार असतील तर एका गाण्याला साडेसात तास येतात. त्यातून गळा तापवणं, उशिरा येणाऱ्यांची वाट पाहणं आणि चहा वजा केला तर पाच तास हाती लागतात. नऊ गाणी घेतली तर काय होईल ते मग कुणाला सांगावं लागत नाही.

तारखा ठरवताना आपल्याकडचं वर्ष डोळ्यांपुढे ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतातून थकून आलेली बाई रात्री आठला गायला येईल, पण तिचा श्वास पुरणार नाही. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी जातात, श्रावणात कानबाईची (खानदेशातल्या देवीच्या सणाची) गडबड असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी दहावी-बारावी. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या सभागृहात दुपारची तालीम म्हणजे घशाची शिक्षा. कार्यक्रमाच्या तारखेपासून उलटे दहा आठवडे मोजा आणि त्यात किती तालमी खरोखर होतील ते पाहा. वीसऐवजी चौदाच होत असतील तर गाणी तीन करा.

मानधनाचं स्पष्ट बोला: तालमींचं किती, कार्यक्रमाचं वेगळं की त्यातच, तबला आणि पेटीवाल्यांना कोण देणार. एका ठिकाणी आयोजकांनी आदल्या संध्याकाळी मला सांगितलं की तबलजींचे पैसे वृंदातून गोळा करा. ज्या बायका स्वतःच्या पैशाने रिक्षा करून तालमीला येत होत्या, त्यांच्यापुढे हात पसरायची वेळ आली. त्यानंतर हे सगळं मी पहिल्याच दिवशी लिहून घेते.

शब्दांच्या परवानगीकडेही लक्ष द्या. संतांच्या रचना आणि पारंपरिक गाण्यांचे शब्द यांना अडचण नाही. कवी हयात असेल, किंवा त्याच्या निधनाला ६० वर्षं झालेली नसतील, तर त्याच्याकडे किंवा वारसांकडे विचारून ठेवा. एखाद्या संगीतकाराची प्रसिद्ध चाल घेत असाल तर तिचाही हक्क वेगळा असतो.

## टप्पा १: एकेकाचा आवाज ऐका, मग पट्टी ठरवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे पूर्ण एक तालीम खर्च करा.

पट्टी म्हणजे पेटीच्या कोणत्या कळीला षड्ज (सा) धरायचा ते. आपण स्वतःच्या पट्टीत बसतो आणि वृंदाला तिच्यात ओढतो. गायिकेची पट्टी काळी चार किंवा पाच (सप्तकातली चौथी-पाचवी काळी कळ), गायकाची काळी एक-दोन. दोन्ही पट्ट्या मिश्र वृंदाला गैरसोयीच्या. काळी चारला बायका मोकळ्या गातात, पण पुरुषांना खालच्या सप्तकात षड्ज लागत नाही आणि वरच्या सप्तकात अंतऱ्याला शिरा ताणाव्या लागतात. काळी एकला पुरुष खुश, आणि बायकांचा तार षड्ज किंचाळीच्या जवळ.

असं करा:

१. एकेकाला शेजारच्या खोलीत बोलवा. सगळ्यांसमोर एकट्याने गायला लावलं तर निम्मे लोक पुढच्या तालमीला येत नाहीत.

२. पेटीवर मधला स्वर द्या आणि एकेक स्वर खाली नेत जा. आवाजाचं नुसतं वारं झालं की त्याच्या वरचा स्वर वहीत लिहा. तीच त्यांची खालची हद्द.

३. मग वर जा. मान वर उचलली गेली, भुवया ताणल्या, की थांबा. त्याच्याही एक स्वर खालची जागा ही कामाची वरची हद्द. एकदा कसाबसा लागलेला स्वर कार्यक्रमात लागेल असं धरू नका.

४. सगळ्यांच्या हद्दी एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. ज्या पट्ट्यात बहुतेकांचा आवाज बसतो तोच तुमचा पट्टा.

माझा अनुभव असा की चाल मंद्र निषाद (खालच्या सप्तकातला नी) ते तार षड्ज (वरचा सा) एवढ्यात फिरत असेल तर काळी पाच ते पांढरी एक यांच्या दरम्यान दोघांचंही जमतं. बायका वरच्या सप्तकात, पुरुष बरोबर एक सप्तक खाली. तार गंधार-मध्यमापर्यंत चढणारा अंतरा असेल तर ती ओळ वृंदाला देऊ नका. ती तुम्ही गा, वृंद मुखड्यावर येईल. मंद्र पंचमापर्यंत उतरणारी ओळ या पट्टीत पुरुषांना लागत नाही, ती बायकांकडे ठेवा.

याचा तुमच्या गाण्यावर काय परिणाम होतो तोही आत्ताच समजून घ्या. तुम्ही काळी चारच्या गायिका असाल आणि वृंद पांढरी एकला गात असेल, तर तुमचा शुद्ध गंधार हा वृंदाचा षड्ज झाला. तुमच्या नेहमीच्या तार सप्तकातल्या जागा इथे निघणार नाहीत. घरी रोज वीस मिनिटं वृंदाच्या पट्टीत रियाज करा, नाहीतर मंचावर अडखळायची पाळी तुमची.

गायक-गायिका जोडीने शिकवत असतील तर मूर्च्छनेचा, म्हणजे एकाच्या सप्तकातला वेगळाच स्वर दुसऱ्याने षड्ज धरण्याचा, विचार हमखास निघतो. पं. जसराज यांच्या जसरंगी जुगलबंदीत गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत, वेगवेगळे राग गातात. ते सौंदर्य तयारीच्या दोन गळ्यांचं आहे. हौशी वृंदाला दोन षड्ज दिले तर एकही पक्का राहत नाही.

सावध: गायिका शिकवत असेल तर पुरुष तिच्या आवाजातला स्वर जसाच्या तसा पकडायला जातात. सप्तक खाली घ्यायचं हे त्यांना आपोआप कळत नाही, मग ते ओरडतात. पेटीवर खालच्या सप्तकात वाजवून दाखवा किंवा वृंदातल्या एका पक्क्या पुरुषाला आधी तयार करून त्याच्याकडून म्हणवून घ्या.

पट्टी ठरली की त्याच दिवशी पेटीवाले आणि तबलजींना कळवा. गावातले बरेच पेटीवाले काळी एकवर बोटं बसलेले असतात. स्केल चेंजर (बोटं तीच ठेवून पट्टी बदलणारी) पेटी नसेल तर नव्या पट्टीत हात बसायला त्यांना दोन आठवडे लागतात. तबलजींकडे त्या पट्टीचा तबला आहे का विचारा. नसेल तर पंचमात किंवा मध्यमात लावता येतो, पण हे कार्यक्रमाच्या दिवशी ठरवायचं काम नव्हे.

## टप्पा २: गाणी निवडा आणि चाल गोठवा

पहिल्या वर्षी भूप किंवा दुर्गासारख्या पाच स्वरांच्या रागातला एक अभंग, एक काफी किंवा देसच्या अंगाचं गीत, एक लोकगीत आणि शेवटी भैरवी, असा मेळ बसतो. कोमल-तीव्रच्या जोड्या शेजारी शेजारी येणाऱ्या चाली दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

त्यानंतर चाल गोठवायची. आपल्याला हे अंगवळणी नसतं. तीच ओळ आपण प्रत्येक वेळी जरा निराळी म्हणतो आणि त्याचाच आपल्याला आनंद असतो. वृंदापुढे तेच केलं तर सोमवारी आलेले एक चाल शिकतात, गुरुवारी आलेले दुसरी. म्हणून घरी बसून ओळ न् ओळ ठरवा: मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कोणत्या स्वरापासून कोणत्या स्वरापर्यंत, कण (शेजारच्या स्वराचा हलका स्पर्श) लावायचा की नाही, ओळीच्या शेवटी किती मात्रा थांबायचं. मुरक्या, म्हणजे झटकन घेतलेले स्वरांचे छोटे गुच्छ, काढून टाका. तीस गळ्यांतून एक मुरकी निघाली तर ती चिखलासारखी ऐकू येते. सरळ मींड मात्र तीस गळ्यांत फार देखणी होते, ती ठेवा.

ठरलेली चाल फोनवर ध्वनिमुद्रित करा, फक्त तानपुऱ्यावर, ठेक्याशिवाय. बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळ्या फाइल्स करा आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. नंतर चाल बदलू नका. बदलावीच लागली तर जुनी फाइल ग्रुपवरून काढून मगच नवी टाका.

स्वरलिपी देत असाल तर एक खड्डा टाळा. वृंदात दोन-चार जण गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा पलुस्कर पद्धतीने दिलेले असतात, काही जण भातखंडे पद्धतीच्या पुस्तकांवरून शिकलेले. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक आणि पायाशी टिंब म्हणजे मंद्र. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंडे पद्धतीत मध्यमावर आली की तीव्र मध्यम. कागद एकच, आणि वाचणारे दोन सप्तकांत. कागदाच्या वर कोणती पद्धत ते ठळक लिहा आणि पहिल्या तालमीत खुणा मोठ्याने वाचून घ्या.

तपासा: स्वतःचं ध्वनिमुद्रण लावून त्याबरोबर तीच ओळ तीनदा म्हणा. तिन्ही वेळा तंतोतंत जुळली तरच चाल गोठली.

## टप्पा ३: सूर, तोही तानपुऱ्यावर

पहिल्या तीन तालमींत शब्द देऊ नका. लोक कुरकुरतात, त्यांना गाणं हवं असतं. तरीही देऊ नका.

पेटी बाजूला ठेवा, तानपुरा लावा. यंत्र किंवा फोनवरचा चालेल, पण लहान स्पीकरला जोडा, फोनचा स्वतःचा आवाज तीस जणांत पोहोचत नाही. पेटीचे स्वर समान अंतरांवर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. वृंद पेटीवर गंधार शिकला आणि मग तानपुऱ्यासोबत गायला तर ती जागा कायम खुपत राहते, आणि का खुपते ते कुणालाच सांगता येत नाही. पेटी चाल दाखवायला वापरा, स्वर ठरवायला तानपुरा.

क्रम असा ठेवा. पाच मिनिटं नुसता षड्ज, तोंड मिटून गुंजारव. मग षड्ज-पंचम. मग गाण्याच्या रागातला सरळ आरोह-अवरोह, एकेका स्वरावर चार मात्रा. मग गाण्याचीच सरगम, ओळीओळीने.

श्वासाचं इथेच शिकवा. तीस जण एकाच जागी श्वास घेतात तेव्हा ओळीला भोक पडतं. शेजारी-शेजारी बसणाऱ्यांच्या जोड्या लावा: एकाने श्वास घेतला की दुसऱ्याने स्वर धरून ठेवायचा. परत येताना हळू आवाजात मिसळायचं, धक्का देऊन नाही. दोन तालमींत हे येतं.

तपासा: तानपुरा सुरू करून षड्ज घ्यायला लावा. मग तानपुरा बंद करा आणि सरगमीचं एक पूर्ण आवर्तन गाऊ द्या. शेवटच्या षड्जावर तानपुरा पुन्हा लावा. वृंद उतरलेला असणार. कुठे उतरला ते शोधा. बहुतेक वेळा अवरोहात, किंवा एकच स्वर चार-पाच वेळा लागोपाठ येतो तिथे. त्या जागेवर "पायरी लहान घ्या" एवढंच सांगा आणि पाठ ताठ ठेवायला लावा. नुसतं "सूर चढवा" म्हटलं की ते आवाज चढवतात.

## टप्पा ४: शब्द

आता शब्द द्या, पण आधी ते बोलून घ्या. तालात, न गाता, दोनदा. अर्थ सांगा. अभंगातला शब्द कळलेल्या माणसाचा श्वास योग्य जागी येतो, हे मी वारंवार पाहिलंय.

खानदेशात इथे एक प्रश्न येतोच. आपल्याकडे कित्येकांच्या तोंडी 'ळ'चा 'य' होतो. जळगावचं जयगाव, डोळ्याचा डोया. 'ण'चा 'न' होतो. अभंगात "कमळ" आलं की निम्मा वृंद कमळ म्हणतो आणि निम्मा कमय, आणि ती ओळ पुसट होते. प्रमाण मराठीतल्या रचनेत 'ळ' सगळ्यांनी म्हणायचा असं ठरवा आणि जीभ टाळूला कुठे लावायची ते दाखवा. हे कुणाच्या बोलीला नावं न ठेवता करता येतं. "या गाण्यात असं, त्या गाण्यात तसं", एवढं पुरतं.

आणि 'त्या गाण्यात' खरोखर तसंच होऊ द्या. अखाजीचं किंवा कानबाईचं गाणं घेतलंत तर शिकवायची जागा सोडा. वृंदातल्या वयस्कर बाईला पुढे बसवा. मी पहिल्यांदा कानबाईचं गाणं बसवलं तेव्हा चालीतला एक तुटक उच्चार मला चूक वाटला आणि मी तिथे मींड घातली. मागच्या रांगेतल्या आक्का गप्प झाल्या. दुसऱ्या वेळी मींड आली तेव्हा त्यांनी मांडीवर हात आपटून ती जागा दाखवली. दळताना जात्याचा खुंटा जिथे फिरतो, तिथे शब्द तुटतो. मींड काढली आणि गाणं उभं राहिलं. या गाण्यांत खुला, जरा नाकातला आवाजच हवा. गोल आकार लावायला शिकवू नका.

## टप्पा ५: ठेका

ठेका शब्दांनंतर. आधी फक्त टाळीवर, मग तबला. तबला पहिल्या दिवसापासून लावला तर लोक सुराकडे कान देत नाहीत.

दादरा, केरवा, भजनी ठेका इथवर ठीक. रूपक तालात समेवरच (पहिल्या मात्रेवरच) खाली, म्हणजे टाळीविना मात्रा, येते, म्हणून सवय नसलेल्या वृंदाला सम सापडत नाही. तो नंतर.

हौशी वृंदाची लय वाढतेच, टाळ असतील तर जास्तच. मेट्रोनोम ॲप लावून सुरुवातीची लय मोजा, गाणं संपल्यावर शेवटची मोजा, दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. मिनिटाला ९० मात्रांवर सुरू केलेलं गाणं ११०वर संपलेलं दिसलं की टाळकरी स्वतःच सावध होतात. टाळ दोघांकडेच द्या आणि त्यांना तबलजी दिसतील असं बसवा.

## टप्पा ६: तुम्ही गप्प बसा

सातव्या-आठव्या तालमीपर्यंत तुम्ही वृंदाबरोबर गात असता. आता थांबायचं. हा टप्पा लोक गाळतात, आणि मंचावर आवाज न फुटण्याचं कारण हेच.

मी पहिल्यांदा थांबले तेव्हा पेटीही बंद केली. फक्त तानपुरा. मुखडा सुरू झाला तेव्हा सात-आठ आवाज होते, दुसऱ्या ओळीला दोन, अंतऱ्याला शांतता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एक जण म्हणाली, "ताई, तुमी म्हना ना, आमले धीर यीन." मला म्हणावंसं वाटलं, पण नाही म्हटलं. पुन्हा षड्ज दिला. तिसऱ्या वेळेला अंतऱ्यापर्यंत गेले, फुटक्या आवाजात, पण स्वतःचे. पुढच्या तालमीला तेरा जण पूर्ण गाणं गात होते.

हे असं करा:

१. पहिल्या दिवशी फक्त मुखड्यापुरतं गप्प बसा. मग मुखडा आणि एक अंतरा. मग पूर्ण गाणं.

२. नुसते ओठही हलवू नका. वृंद ओठ वाचतो.

३. हाताने इशारा करायचा तर दोनच: उठाव (गायला सुरुवात) कधी आणि थांबा कुठे.

४. वृंद अडकला तर गाऊन सोडवू नका. षड्ज द्या, ओळीचा पहिला शब्द बोला, थांबा. ती शांतता खूप लांबल्यासारखी वाटते, पण चार-पाच सेकंदांचीच असते.

५. मग वृंद लहान करा. आठ-आठ जणांचे गट पाडा आणि एकेका गटाला गाऊ द्या. कोण कुणावर रेलून गातो ते इथे दिसतं.

त्यावरून रांगा लावा. पक्के आवाज मागच्या रांगेत मध्यभागी, कच्चा आवाज दोन पक्क्यांच्या मध्ये. दोन कच्चे शेजारी आले की दोघंही गप्प होतात. पुरुष चार-पाचच असतील तर त्यांना एका कडेला ढकलू नका, मध्ये एकत्र ठेवा.

तपासा: तुम्ही खोलीबाहेर जा, दार ओढून घ्या, आणि वृंदाला स्वतः सुरुवात करायला सांगा. पूर्ण गाणं आलं तर सातव्या टप्प्याकडे जा. नाही आलं तर कार्यक्रमातून ते गाणं वगळा, तारीख जवळ असली तरी.

## टप्पा ७: आता तुम्ही परत या, पण मोजून

मंडळाने तुम्हाला गाण्यासाठीही बोलावलेलं असतं, श्रोत्यांनाही तुम्हाला ऐकायचं असतं. तेव्हा तुमच्या जागा ठरवा आणि वृंदाला सांगून ठेवा. सुरुवातीला दीड-दोन मिनिटांचा आलाप, वरच्या सप्तकातली एखादी ओळ, दोन अंतऱ्यांच्या मध्ये ठरलेल्या आवर्तनांचा विस्तार. चार आवर्तनं म्हणालात तर चारच. गाताना रंगून सहा केलीत तर वृंद कुठे उठायचं ते चुकतो, आणि सभागृहाला चूक त्यांची दिसते. उठावाआधीची शेवटची ओळ नेहमी तीच, ठरलेली ठेवा. ती ऐकली की वृंदाने श्वास घ्यायचा.

वृंदाबरोबर गाताना आवाज अर्ध्यावर आणा, आवाजाची धार काढा, कण आणि हरकती पूर्ण सोडा. मैफलीत आपण जी फेक कमावली ती इथे सगळ्यांना झाकते. शेजारी उभ्या असलेल्या दोघांचा आवाज तुम्हाला तुमच्याइतकाच ऐकू आला पाहिजे, त्याहून मोठं गाऊ नका. उभं राहायचं ते रांगेच्या टोकाला.

स्वतःच्या गळ्याची काळजी इथेच सांगते. दीड तास तीस जणांवर आवाज चढवून बोलण्याने गळा जितका बसतो, तितका गाण्याने बसत नाही. थांबायला टाळी वाजवा, सूचना फळ्यावर लिहा.

## टप्पा ८: माइक आणि मंच

माइकवाल्यांना आदल्या दिवशी भेटा. ते दोन कॉर्डलेस माइक घेऊन येतात आणि पुढच्या दोघींच्या हातात देतात. मग कार्यक्रम त्या दोघींचाच होतो. स्टँडचे माइक मागा, सहा-आठ जणांमागे एक. रांगेपासून दोन-तीन फूट पुढे आणि डोक्याच्या जरा वर, तोंड मागच्या रांगेकडे वळवलेलं. एको पूर्ण बंद करायला सांगा, आणि गाणं सुरू झाल्यावर पुन्हा सुरू होत नाही ना याकडे एका माणसाला लक्ष ठेवायला बसवा. मॉनिटरमध्ये तानपुरा आणि पेटी हवी. वृंदाचा आवाज त्यात सोडला की शिट्टी वाजते.

ध्वनिक्षेपकाची परवानगी आयोजकांनी घेतली आहे का, हे कागद पाहूनच माना. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. भाषणं आणि सत्कार लांबतात, म्हणून वृंदाची वेळ सत्कारांच्या आधी मागून घ्या. साडेनऊला मंचावर चढलेला वृंद चार गाण्यांऐवजी दोन घाईत गाऊन उतरतो.

एक तालीम मंचावर उभ्याने, पायात त्या दिवशीच्याच चपला घालून घ्या. बसून गायची सवय असलेल्यांचा श्वास उभ्याने बदलतो.

## कार्यक्रमाच्या दिवशी

दुपारचं जेवण हलकं. आयोजक प्रेमाने शेवभाजी किंवा भरीत-पुरीचा बेत ठेवतात. तो कार्यक्रमानंतर ठेवायची विनंती करा. तिखट खाऊन दोन तासांत गायला उभं राहिलं की घशाशी येतं. थंडगार पाणी नको, माठातलं चालेल. उन्हाळ्यात पाणी सकाळपासून पीत राहा, मंचावर चढताना तांब्याभर पिऊन उपयोग नसतो.

तबला मंचावर, दिव्यांखाली, शेवटी पुन्हा लावून घ्या. गरम हवेत चामडं ताणून तो चढतो, पावसाळी दमटपणात उतरतो. खोलीत लावलेल्या तबल्यावर भरवसा ठेवू नका.

गळा तापवायला दहा मिनिटं पुरे: गुंजारव, षड्ज-पंचम, पहिल्या गाण्याची सरगम एकदा. पूर्ण गाणं गाऊ नका. ऐन वेळी चालीत दुरुस्ती सांगू नका, कितीही दिसली तरी. मंचावर जाण्याआधी वृंदाला पुन्हा षड्ज द्या आणि तो मनात धरून चालत जायला सांगा.

कुणी चुकलं तर त्याच्याकडे पाहू नका. तीस जणांना तुमची नजर दिसते.

पुढची तालीम आठवड्याच्या आत ठेवा. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण लावा आणि आधी त्यांना बोलू द्या. कुठे उतरलो, कुठे लय पळाली, हे ते स्वतः सांगतात, तुमच्याहून बारकाईने. सगळं लिहून घ्या. मग नव्या गाण्याच्या ओळी वाटा, पेटी त्यांच्याकडे सरकवा आणि पहिला षड्ज कोण देतं ते पाहा.